दोन रिकाम्या जागा आणि जैसलमेर

बुधवार

“वहिनी, विमान जाणारच आहे, दोन जागा रिकाम्या आहेत. या बसून. फक्त कडक बॅगा नकोत, मऊ पिशव्या आणा,” असा ह्यांच्या कॉलेजातल्या मित्राचा फोन आला आणि आमचं जैसलमेर ठरलं. चाकणला त्याचा सौर पॅनेलचे सांगाडे बनवायचा कारखाना आहे. जैसलमेरकडे त्याची कामं चालू आहेत आणि कंपनीचं छोटं विमान दोन इंजिनिअरांना बुधवारी तिकडे सोडून रविवारी परत आणणार होतं. मधले दिवस आमचे. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे संशयानं बघायची सवय खात्यातलीच. “तासाला इंधन किती पितं हे?” असं त्यांनी मित्राला लगेच विचारलं. साडेतीनशे ते चारशे लिटर, हे कळल्यावर आमच्या जुन्या गाडीच्या ॲव्हरेजबद्दलची कुरकुर काही दिवस थांबली.

खासगी विमान म्हणजे मनात आलं की उडालं, असं बाहेरून वाटतं. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, प्रवासी विमानं त्यांची धावपट्टी वापरतात एवढंच. विमाननगर-खराडीच्या लोकांना सुखोईंचा गडगडाट काही नवा नाही. खासगी विमानालाही सुरक्षा तपासणी चुकत नाही, उड्डाणाचा आराखडा आधी द्यावा लागतो, हवाई संरक्षणाचा परवाना म्हणजे एडीसी नंबर हातात यावा लागतो, आणि मग धावपट्टी मोकळी होईपर्यंत गप्प बसावं लागतं. कॅप्टन बाई मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या. “काकू, नंबर आलाय. सुखोई उतरताहेत, त्यांचं झालं की आपण.” मी लगेच निर्धास्त. सातारचं माणूस हाताशी असलं की मला उगाचच बरं वाटतं.

विमान बीचक्राफ्टचं किंग एअर बी-२००, दोन पंख्यांचं. दार खाली उघडतं आणि त्याच्याच पायऱ्या होतात. आतली उंची पावणेपाच फूट, त्यामुळे मलासुद्धा वाकून चालावं लागलं. ह्यांनी बसेपर्यंत डोकं आपटून घेतलंच. खुर्च्या समोरासमोर. मी विमानाच्या नाकाकडे तोंड करून, हे शेपटीकडे. मागच्या बाजूला पडद्याआड एक झाकणाची खुर्ची, तेच स्वच्छतागृह. सकाळपासून चहा टाळला होता त्याचं सार्थक झालं. दोन्ही तरुण इंजिनिअर पट्टा बांधून चाकं उचलली जायच्या आत झोपले.

त्या बिचाऱ्यांचं काय काय हुकलं! सकाळची हवा स्वच्छ होती आणि आम्ही उत्तर-वायव्येला निघालो होतो, म्हणजे सह्याद्रीच्या धारेवरूनच. उजव्या खिडकीत शिवनेरी आला, मग जीवधन, आणि थोड्या वेळात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. कॉलेजात असताना त्याच्या काठावर पालथं पडून खाली डोकावले होते. आता तो समोरून, पश्चिमेकडून दिसत होता, अख्खा, त्याच्या आतल्या बाकासकट. मी ओरडून ह्यांना दाखवतेय, तर ह्यांचं सगळं लक्ष खाली. “चासकमान गेलं. डिंभे. ते माणिकडोह, आणि पलीकडे पिंपळगाव जोगे. माणिकडोहात पाणी बरं दिसतंय.” शिवाय ते उलटे बसलेले. मी पुढे येणारा गड सांगायची, हे मागे गेलेलं धरण सांगायचे. अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई मला मिळाले, भंडारदरा ह्यांना.

डांगची जंगलं संपली तशी दोघांचीही ओळखीची खूण संपली. कॅप्टन बाईंनी पडदा उघडाच ठेवला होता. त्या वळून सांगायच्या: उजवीकडे धूसर चकाकतंय ते तापीवरचं उकाई, आता नर्मदेचं मुख, डावीकडे खंभातचं आखात. आखाताचं पाणी निळं नाहीच, गढूळ चहाच्या रंगाचं, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर ओघळांच्या रेघाच रेघा. मग अहमदाबादच्या पश्चिमेला खाली एक सरळ रेघ दिसली. ह्यांनी उठून परत डोकं आपटलं. नर्मदेचा मुख्य कालवा! सरदार सरोवरातून निघून गुजरातेत ४५८ किलोमीटर आणि पुढे राजस्थानात ७४ किलोमीटर जातो. आयुष्यभर ज्याचे नकाशे पाहिले तो कालवा खाली सलग वाहताना बघून ह्यांचा चेहरा असा काही फुलला की मित्राचं सगळं इंधन वसूल झालं म्हणायचं.

कच्छच्या छोट्या रणाचा पांढरा काठ डावीकडे राहिला, आणि तिथून पुढे रंगच गेला. हिरवा आधी ठिपक्यांत उरला, मग तोही नाही. बाडमेर ओलांडल्यावर उतरायला लागलो तर तापलेल्या हवेनं विमान कात्रज घाटातल्या एसटीसारखं हलवलं. खाली सौर पॅनेलच्या निळ्या-काळ्या चौकटी मैलोनमैल, मधून पवनचक्क्या. “मोबाइल खाली ठेवा आता, फोटो नाही,” कॅप्टन बाई म्हणाल्या. जैसलमेरचाही विमानतळ हवाई दलाचाच. जेमतेम दोन तासांत लोहगावच्या पहारेकऱ्यांकडून इथल्या पहारेकऱ्यांकडे सुपूर्द झालो. इंजिनिअर उठले, साइटच्या गाडीत बसले आणि गेले. विमान आम्हाला उतरवून जोधपूरला मुक्कामाला निघून गेलं.

हॉटेल किल्ल्याच्या बाहेर घेतलं होतं. मुद्दाम. का ते उद्याच्या दिवसात येईल. संध्याकाळी गडीसर तलावावर गेलो. चौदाव्या शतकात महारावल गडसीनं बांधून काढलेलं हे तळं शतकानुशतकं गावाला पाणी पाजत होतं. आता पाण्यात पॅडलच्या बोटी, पायवाटेवर भजीवाले, सेल्फी. तळ्याच्या तोंडावरची तिलोंची पोळ, म्हणजे दरवाजा, तिलों नावाच्या कलावंतिणीनं बांधला असं सांगतात. राजघराण्यातल्या बायका तिच्या कमानीखालून कशा जाणार म्हणून तो पाडायचं घाटत होतं, तेव्हा तिनं वर कृष्णाची मूर्ती बसवून टाकली. देवळाला हात कोण लावणार? पुण्यात हा उपाय आजही रस्त्याच्या कडेनं सर्रास चालतो, फरक इतकाच की तिलोंचं बांधकाम देखणं आहे.

गुरुवार

रावळ जैसलनं ११५६ साली लोद्रव्याहून राजधानी हलवली आणि त्रिकूट टेकडीवर हा किल्ला घातला. बुरूज नव्याण्णव. अखैपोळ, सूरजपोळ, गणेशपोळ, हवापोळ असे दरवाजे एकामागून एक, आणि प्रत्येकाला वळण, म्हणजे हत्तीला धाव घेता येऊ नये. आपल्या गडांवर सवय असल्यानं मी वळणं मोजायला लागले, पण आपल्या गडांत आणि यात मोठा फरक आहे. आपला गड चढून गेलं की वर वारा, तटबंदी, पडकी सदर, झुणका-भाकर. इथे वर अख्खा मोहल्ला! काही हजार माणसं राहतात. दारात स्कूटर, दोरीवर शाळेचे गणवेश, भिंतीवर लग्नाच्या तारखेसकट रंगवलेला गणपती. २०१३ साली राजस्थानातल्या सहा किल्ल्यांना एकत्र जागतिक वारसा मिळाला, त्यात हा आहे. २०२५ मध्ये आपल्या रायगड, राजगड, शिवनेरीसह बारा किल्ल्यांना मिळाला, तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर फटाके फुटत होते. पण आपल्याकडे पन्हाळ्यासारखा अपवाद सोडला तर पुरातत्त्व खात्याला ही अडचण फारशी नाही, की वारशाच्या आत कुणाचा तरी कुकर शिजतोय.

आणि खरी गोम तिथेच आहे. गल्लीच्या कडेनं उघडं गटार वाहत होतं, त्यात साबणाचा फेस. हे त्याच्या काठानं चालत गेले ते थेट तटापर्यंत. तिथे खालच्या दगडावर ओल दिसत होती, कमरेइतक्या उंचीपर्यंत काळपट, आणि फटीतून पिंपळाचं रोप आलेलं. वाळवंटात पिंपळ! ह्यांनी बोट लावून दगडाची भुकटी मला दाखवली. पिवळ्या दगडाचा पोपडा हळदीसारखा सुटला. “वर पाऊस नाही, म्हणून निचऱ्याची सोयच नाही केली त्यांनी. करायची कशाला? डोक्यावरून घागर यायची, तेवढंच पाणी.”

शेजारच्या ओट्यावर बाजरी निवडणाऱ्या आजी ऐकत होत्या. त्यांनी हिंदीत सांगितलं की त्यांच्या सासूबाई गडीसरवरून दोन घागरी डोक्यावर घेऊन हा सगळा चढ चढायच्या. भांडी राखेनं, अंघोळ तांब्याभर, आणि अंघोळीचं पाणी परत गुरांना. मग नळ आले, त्यापाठोपाठ प्रवासी आले, घरांची गेस्टहाउसं झाली, खोलीगणिक संडास-बाथरूम. किल्ल्याखालची टेकडी अखंड कातळाची नाही, मऊ थर आहेत, त्यांत हे सगळं पाणी मुरत गेलं. १९९६ साली जागतिक स्मारक निधीनं धोक्यातल्या वास्तूंची पहिली यादी काढली, तीत जैसलमेरचा किल्ला होता. पुढच्या काही वर्षांत बुरूज ढासळलेही. तोफांना आणि वेढ्यांना पुरून उरलेला किल्ला फ्लशच्या टाक्यांनी खिळखिळा होतोय. सांडपाण्याच्या नव्या वाहिन्या टाकून झाल्यात, दुरुस्त्या चालू असतात, पण आपण वर राहून त्यात एक बादली तरी का घालायची, या हिशेबानं आम्ही खाली राहिलो. गच्चीतून सूर्योदय बघायला मिळाला नाही. चालतं. उलट खालून किल्ल्यावर ऊन चढताना जे दिसतं ते वर राहणाऱ्यांना कुठे दिसतं?

किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळीच बघावीत, नंतर बाहेरच्यांना बंद होतात. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. हे एका हातानं पँट धरून पार्श्वनाथाच्या मंडपात फिरले. तोरणावरच्या नर्तकी बघताना मान अवघडते. पण मला ओढ होती ती तळघरातल्या ज्ञानभंडाराची. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी ताडपत्रांवरच्या पोथ्या इथे सुरक्षित ठेवल्या. कोरड्या हवेत ताडपत्र टिकतं, आणि सुलतानांच्या फौजांना हे गाव लांब पडायचं. १८७४ साली जर्मन संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर उंटावरून हा भंडार बघायला आला होता. त्याच ब्यूलरनं मुंबई सरकारसाठी ठिकठिकाणी जमवलेली हस्तलिखितं आज लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्थेत आहेत. मी बँकेत नोकरीला असताना वर्षानुवर्षं त्या फाटकावरून रोज गेले, आत गेले नाही कधी. इथे मात्र काचेमागच्या दोन बोटं रुंद पानासमोर उभी राहिले. अक्षरं मुंगीएवढी, ओळी सरळ, मधे दोरा ओवायला भोक, आणि भोकाच्या भोवती लेखकानं चौकोनी जागा सोडलेली, दोऱ्यानं अक्षर झिजू नये म्हणून.

दुपारी हवेल्या. पटवांच्या पाच, त्यातली पहिली गुमानचंद पटवानं १८०५ साली सुरू केली. जरीकाम, अफू आणि सावकारी यांचा पैसा. कोरीव झरोक्यांचं वर्णन हजारांनी केलंय, मी करत नाही. मला नथमलची हवेली जास्त आवडली. १८८५ ची. हाथी आणि लालू या दोन भावांनी उजवी-डावी बाजू वाटून घेतली, आणि लांबून सारख्या वाटणाऱ्या दोन्ही बाजू जवळून बघितल्या तर खिडकीला खिडकी जुळत नाही. एका फुलाला सहा पाकळ्या, समोरच्याला आठ. मी तासभर फरक शोधत बसले. हे समोरच्या ओट्यावर घोटुआँ लाडू खात बसले.

शुक्रवार

कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं सोडलेलं गाव. गाइड गोष्ट रंगवून सांगतात: दिवाण सालिमसिंहाची नजर मुखियाच्या मुलीवर पडली, आणि एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं शाप देऊन उठून गेली. भुताखेतांची फोडणी वरून. आमच्या गाइडनं “मॅडम, रात्री इथे पाऊल ठेवत नाही कोणी” म्हणताच हे म्हणाले, “विहीर कुठे आहे?” विहीर कोरडी. सालिमसिंहाचा जुलमी सारा खरा होता, त्यातच पाणी आटत गेलं, आणि मुंबई बंदर वाढलं तसा सिंधमार्गे जाणारा उंटांचा व्यापार तुटला. एवढी कारणं असल्यावर भूत कशाला लागतं? घरांच्या रांगा मात्र बघाव्यात. छपरं गेलीत, पण गल्ल्या सरळ आहेत, कोपऱ्यावरची घरं गाडी वळायला पुरेशी जागा सोडून बांधलेली. आमच्या सिंहगड रोडला हे ज्यांनी बांधायला हवं होतं ते एकोणिसाव्या शतकातच निघून गेले म्हणायचे.

पण पालीवालांचं खरं काम गावात नाही, गावाबाहेर आहे, आणि तिथे एकही बस थांबत नाही. खडीन, म्हणजे बांधाआड साठलेल्या ओलीवर पिकणारं शेत. आमच्या ड्रायव्हरच्या मामाचं शेत खडिनात होतं म्हणून जायला मिळालं. चहूकडे खडकाळ माळ, फक्त फोगाची आणि तसलीच खुरटी झुडपं. एका लांबलचक मातीच्या बांधावर चढलो आणि पलीकडे हरभरा! गुडघ्यापर्यंत, घाटे धरलेला, गर्द हिरवा. वर्षाला वीस सेंटिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो त्या मुलखात, विहीर नाही, पाट नाही, मोटर नाही.

मग ह्यांची शाळा भरली. पालीवालांनी पंधराव्या शतकापासून ही पद्धत इथे बसवली. वरचा माळ खडकाळ, त्याच्यावर पडलेलं पाणी मुरत नाही, उताराला धावतं. उताराच्या तळाला आडवा बांध घालायचा. पावसाळ्यात पाणी बांधाला टेकून तुंबतं, गाळ बसतो, ओल खोल जाते. जादा पाणी सांडव्यातून काढून द्यायचं. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पाणी उतरलं की त्याच चिखलात गहू-हरभरा पेरायचा, पुढे पाण्याचा थेंब द्यायचा नाही. साधारण पंधरा एकरांवरचं पाणी एका एकराला लागतं, म्हणून वरच्या माळावर नांगर घालायला बंदी. ह्यांनी बांधाजवळची माती उकरली. वरचा थर कोरडा, भेगाळलेला. एक वीतभर खाली गेल्यावर मातीचा लाडू वळला गेला. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. गार होता. मामांनी सांडव्याचा दगड दाखवला, त्याच्यावर पाण्यानं घासून पडलेली खोबण. आजोबांच्या आजोबांच्या वेळचा दगड आहे म्हणाले. बांध फुटला तर? सगळं गाव फावडी घेऊन येतं, त्याला निमंत्रण लागत नाही. मामा आणि हे, एक मारवाडीतून, दुसरे पुणेरी हिंदीतून, सांडव्याच्या पातळीवर इतकं बोलले की चहाचं दूध दोनदा उतू गेलं. निघताना त्यांनी टहाळ्याची जुडी दिली. हरभरा सोलत खुडीला पोचलो.

वाळूच्या टेकड्यांसाठी लोक समला जातात. तिथे तंबूंचा बाजार आणि डीजे आहे, अशी खबर होती, म्हणून खुडी घेतलं. टेकड्या लहान आहेत, पण माणसं कमी. उंटावर मी बसले, हे बसले नाहीत, पाठीचं कारण सांगून. रात्री अंगणात शेकोटीभोवती मांगणियार गायले. हे मुसलमान गवई, पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरची बारशी, लग्नं यांची गाणी गाणारे, आणि यजमानाची वंशावळही त्यांना पाठ. म्हाताऱ्या गवयाकडे कमायचा होता. आंब्याच्या लाकडाचा गोल पोटाचा, वर कातडं ताणलेलं, आतड्याच्या तारा. हमीरा गावचे साकर खाँ याच वाद्यातले थोर, २०१२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. म्हाताऱ्यानं कमायचा गजानं छेडला तेव्हा आवाज तारेपेक्षा कातड्यातून जास्त आला, जाडसर, घोगरा. मग शेजारच्या तंबूतल्या ग्रुपनं फर्माइशी सुरू केल्या, सिनेमाच्या. त्यांनी त्याही गायल्या, पैशाचा प्रश्न असतो. आम्ही आत गेलो.

शनिवार

लोंगेवाला आणि तनोट. रस्ता तुळतुळीत, सरळ, गाडीत झोप अनावर. ओळखपत्रं जवळ ठेवा. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायचं तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते.

लोंगेवालाबद्दल सगळ्यांना माहीत असतं ते सिनेमातलं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरींची २३ पंजाबची कंपनी, सव्वाशेच्या आसपास जवान, आणि समोरून रणगाड्यांची रांग. जागेवर उभं राहिलं की कळतं, ठाणं टेकडीवर होतं आणि भोवती वाळू मऊ होती. पाकिस्तानी रणगाडे तारेच्या कुंपणाला सुरुंगांचं क्षेत्र समजून थबकले, काही वाळूत रुतले. रात्री हल्ला करता येत नव्हता म्हणून हंटर विमानं उजाडायची वाट बघत थांबली आणि ५ तारखेला पहिल्या उजेडात तुटून पडली. ती विमानं उडाली जैसलमेरहून, जिथे आम्ही बुधवारी मऊ पिशव्या घेऊन उतरलो होतो. मी ड्रायव्हरला अंतर विचारलं. शंभर किलोमीटरच्या वर. विमानाला काही मिनिटं, आणि ती काही मिनिटं मिळेपर्यंत जवानांनी अख्खी रात्र काढली. पकडलेल्या रणगाड्यावर चढून लहान मुलं फोटो काढत होती. त्यांना कुणी खाली उतरवत नव्हतं.

तनोट मातेच्या देवळाची पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले न फुटलेले तोफगोळे काचेत ठेवलेत. आरतीला टाळ वाजवणारा जवान आमचं बोलणं ऐकून आरतीनंतर जवळ आला, “पुण्याचे का?” तो बीडचा. त्यानं घरच्यासारखा चहा पाजला आणि बीडला यंदा पाऊस किती झाला यावर ह्यांच्याशी गप्पा मारल्या. माणसं सीमेवर जाऊनही पावसाचंच बोलतात.

परतताना बडा बाग. राजघराण्याच्या छत्र्या, सोळाव्या शतकापासूनच्या, आणि त्यांच्या डोक्यावर पवनचक्क्या फिरताहेत. अनेकांना हे विद्रूप वाटतं. मला नाही वाटलं. जैसलमेरचं पवनऊर्जा क्षेत्र उभारणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालय आपल्या हडपसरला, त्यामुळे थोडी आपलेपणाची भावना असेलही. पण तारा वाईट. माळढोक पक्षी जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तो विजेच्या तारांना धडकून मरतो. सोलापूरचं नान्नज आपण माळढोकासाठी राखलं आणि तिथला माळढोक जवळपास गमावला. आता देशातल्या उरलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक इथे, जैसलमेरच्या माळावर आहेत. सम आणि रामदेवरा इथे त्यांची पैदास केंद्रं चालतात. आम्हाला माळढोक दिसला नाही. चिंकारा दिसले, भरपूर.

बाजारात हाबूरच्या दगडाची वाटी घेतली. तपकिरी, आत शंखशिंपल्यांच्या खुणा. विक्रेता म्हणाला, यात कोमट दूध ठेवा, विरजण न लावता दही लागतं. हे हसले. मी भाव पाडून घेतली.

रविवार

सकाळी अकलचं जीवाश्म उद्यान उरकलं. इथे अठरा कोटी वर्षांपूर्वी जंगल होतं, त्याचे ओंडके दगड होऊन पडलेत. पिंजऱ्यांत जपून ठेवलेत, सावली शून्य. अर्धा तास पुरे.

विमान जोधपूरहून वेळेत आलं, पण हवाई दलाचे सराव चालू होते, म्हणून आम्ही पंख्याखाली बसून राहिलो. इंजिनिअर उन्हानं रापले होते. येताना मी डावी खिडकी घेतली म्हणजे सह्याद्री माझ्याच बाजूला येणार. दुपार झाली होती, धुरकट हवेत गड काही दिसेनात. ह्यांना मात्र डिंभे दिसलं, आणि चासकमानही. लोहगावला उतरताना परत सुखोई, परत घिरट्या. चाकं टेकल्यावर कॅप्टन बाईंनी वळून विचारलं, “काका, पुढच्या वेळी तेलाचा हिशेब कोण करणार?” मित्रानं सगळीकडे सांगितलेलं दिसतंय.

ज्यांच्या मित्राकडे विमान नाही त्यांनी जोधपूरपर्यंत रेल्वेनं जावं आणि पुढे गाडी करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, रात्री स्वेटर लागतोच. केर-सांगरी वाळवलेली मिळते, ती आणावी. ताकात रात्रभर भिजवून, दोनदा पाणी बदलून, तेलात लाल मिरची आणि आमचूर घालून परतायची, बाजरीच्या भाकरीबरोबर. राहायचं किल्ल्याखाली.

आणि ती वाटी. कोमट दूध घालून ओट्यावर ठेवली, झाकण लावून, शेजारी स्टीलच्या वाटीत तेच दूध, कारण ह्यांना तुलना हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दगडाच्या वाटीत दही होतं. कवडी नव्हे, सैलसर, पण दहीच. स्टीलच्या वाटीतलं दूध नासलं. ह्यांचं म्हणणं, दुकानदारानं दाखवताना वाटीत दही लावलं असणार, फटीत ते राहिलंय. आता ती वाटी उकळत्या पाण्यात घातलेली आहे.